तिसऱ्या टेकडीसाठी दम राखा: बाणेर, वेताळ आणि महात्मा टेकडी एका दिवसात

मी पुण्यात बावधनला राहते, नववी-दहावीला गणित शिकवते आणि गेली अकरा वर्षं टेकड्यांवर सायकल चालवते. आमच्या गच्चीवरून तीन टेकड्या दिसतात. एक बाणेर-पाषाणची लांबट टेकडी, दुसरी पूर्वेची वेताळ टेकडी आणि तिसरी कोथरूडच्या महात्मा सोसायटीमागची. या तिन्ही एका दिवसात, शक्य तितक्या मातीवरून आणि शक्य तितक्या कमी डांबरावरून जोडायच्या, अशी ही फेरी. माझ्या मीटरवर साधारण ३८ किलोमीटर भरतात आणि एकूण चढ साडेआठशे मीटरच्या आसपास होतो. आकडे ऐकून कोणी घाबरणार नाही. पण मी पहिल्यांदा ही फेरी केली तेव्हा महात्मा टेकडीच्या उतारावर पडले आणि डावं मनगट मोडलं. तो उतार अवघड नव्हता, त्यावरून मी आधी वीसेक वेळा गेले होते. त्या दिवशी फक्त बोटांत ब्रेक दाबायची ताकद उरली नव्हती.

तेव्हापासून मी या फेरीची आखणी शेवटाकडून सुरुवातीकडे करते. तिसऱ्या टेकडीवर हात, पाय आणि डोकं जागेवर हवं, मग पहिल्या दोन टेकड्यांवर काय करायचं आणि काय टाळायचं ते आपोआप ठरतं. खालचं सगळं याच हिशोबाने वाचा.

महिना आणि वार

नोव्हेंबरचा दुसरा आठवडा ते फेब्रुवारी अखेर. पावसाळ्यात टेकड्या सुंदर दिसतात हे खरं, पण तेव्हा चालायला जा, सायकल घरी ठेवा. वरचा मुरूम पाणी लवकर सोडतो, पायथ्याची काळी माती मात्र सोडत नाही. ती टायरला थापली जाते, फ्रेम आणि चाकाच्या मधे भरते आणि चाक फिरायचं थांबतं. कातळावर शेवाळ असतं, त्यावर कुठलाही टायर धरत नाही. तिसरं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ओल्या पायवाटेवर पडलेली चाकाची चाकोरी पुढच्या पावसात ओहोळ होते आणि दोन वर्षांत त्या जागी गुडघाभर घळ दिसते.

ऑक्टोबरात गवत वाळतं आणि कुसळं पिकतात. मोज्यांतून आत शिरलेलं कुसळ दिवसभर टोचत राहतं, म्हणून तो महिना मी लांबच्या फेरीला घेत नाही. मार्चनंतर ऊन असह्य होतं आणि त्याच सुमाराला टिटव्या उघड्या मुरमावर अंडी घालतात. ती खड्यांसारखीच दिसतात, चाकाखाली आली तरी कळत नाहीत.

वार शनिवार. रविवारी टेकडी चालणाऱ्यांची असते आणि ती तशीच असावी.

टेकड्यांचा क्रम

बहुतेक जण आधी वेताळ टेकडी उरकतात, कारण ती सगळ्यात उंच आहे. पुणे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आणि वेताळ टेकडीचा माथा सुमारे ८०० मीटरवर. ताजेतवाने असताना मोठा चढ घ्यावा हे तर्काला पटतं, पण माणसांचा विचार केला की पटत नाही. सकाळी सहा ते साडेआठ वेताळ टेकडीवर शेकडो लोक असतात. ज्येष्ठ असतात, पट्टा धरलेली कुत्री असतात, प्राणायाम करणारे असतात. त्या गर्दीतून सायकल काढताना दर पन्नास मीटरला थांबावं लागतं आणि थांबून पुन्हा चढावर सुरू करण्यात दम फुकट जातो.

म्हणून मी उजाडताना बाणेर-पाषाणच्या टेकडीवर असते. तिथेही लोक येतात, पण धार लांब असल्यामुळे पांगलेले असतात. वेताळ टेकडीवर साडेनऊच्या सुमाराला पोहोचते, तेव्हा सकाळचे लोक उतरलेले असतात. महात्मा टेकडीवर तीनच्या पुढे चढते आणि पाचच्या आत खाली येते, म्हणजे संध्याकाळचे लोक वर यायच्या आधी. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो, त्यामुळे तासभर उजेड हाताशी राहतो. पंक्चर झालं तर तो तास लागतो.

सायकल

माझी हार्डटेल आहे, म्हणजे शॉक फक्त पुढे, तो १२० मिलिमीटरचा, २९ इंची चाकं. मागेही शॉक असलेली सायकल असेल तर उत्तम, पण या टेकड्यांना ती लागतेच असं नाही. लागतो तो हलका गिअर. माझ्या सायकलला पुढे ३२ दाते आणि मागे सगळ्यात मोठं चक्र ५१ दात्यांचं. पेडलचा एक पूर्ण फेरा मारला की सायकल जेमतेम दीड मीटर पुढे जाते. इतका हलका गिअर सपाटीवर निरुपयोगी वाटतो, पण दुपारच्या चढावर तोच उपयोगी पडतो.

टायरमधली हवा ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट. रस्त्यावरच्या सवयीने लोक ४०-४५ पीएसआय भरतात, मग सुट्या खडीवर चाक नाचतं आणि प्रत्येक दगडाचा धक्का मनगटात येतो. माझं वजन ६१ किलो. ट्यूबलेस २.३ इंची टायरमध्ये मी पुढे २० आणि मागे २३ ठेवते. ट्यूब असेल तर पाच-सहा पीएसआय जास्त ठेवा, नाहीतर दगडाच्या धारेवर ट्यूब रिमखाली चेपते आणि तिला शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. तुमचं वजन जास्त असेल तर त्या प्रमाणात वाढवा आणि दोन-तीन फेऱ्यांत तुमचा आकडा तुम्हीच शोधून वहीत लिहून ठेवा.

शक्य असेल तर ट्यूबलेस कराच. आपल्याकडच्या टेकड्या काट्यांच्या आहेत. बाभूळ, हिवर, बोर आणि जमिनीलगत सराटा. सराट्याचं फळ कसंही पडलं तरी एक काटा वर राहतो. माझ्या टायरमधून एका हिवाळ्यात चौदा काटे निघाले, आतल्या सीलंटमुळे, म्हणजे भोक आपोआप बुजवणाऱ्या द्रवामुळे, मला त्यातला एकच कळला. सीलंट मात्र सुकतं. आपल्या हवेत तीन-चार महिन्यांनी झडप काढून तपासा, हलवल्यावर आत खळखळ ऐकू आली पाहिजे.

बसाल्टच्या कडेने टायरची बाजू फाटली तर सीलंट काही करू शकत नाही. त्यासाठी टूथपेस्टच्या रिकाम्या ट्यूबचा कापून धुतलेला तुकडा ठेवा. फाटल्या जागी आतून लावायचा आणि वर ट्यूब टाकायची. असा एक तुकडा लावून मी वेताळ टेकडीच्या मध्यापासून घरी आले आहे.

पाठीवरच्या पिशवीत: एक ट्यूब, पंप, दोन टायर लिव्हर, चेन तोडायची सोय असलेलं मल्टिटूल, तुटलेली चेन जोडायची क्विक लिंक आणि तुमच्याच सायकलच्या मापाचा डिरेल्युअर हँगर, म्हणजे मागचा गिअर बदलणारा भाग फ्रेमला धरून ठेवणारा तुकडा. हा शेवटचा तुकडा बोटाएवढा असतो आणि प्रत्येक कंपनीचा वेगळा. तो ऐन वेळी दुकानात मिळत नाही, सायकल घेतानाच दोन मागून घ्या. काटे काढायचा चिमटा, क्रेप बँडेज, बीटाडिन. हेल्मेट आणि पूर्ण बोटांचे हातमोजे यांबद्दल मी चर्चा करत नाही. गुडघ्याची पॅड मी चढताना पिशवीला अडकवते आणि उतारापूर्वी घालते.

पाणी आणि खाणं

हिवाळ्यातही ताशी अर्धा लिटर पाणी लागतं. चाकावरचे तास सहा धरले तर तीन लिटर, वर अर्धा लिटर राखीव. दोन लिटर पाठीवर, पाऊण लिटरची बाटली सायकलवर, बाकीचं वाटेत भरायचं. बाटलीत लिंबू, साखर, मीठ. टेकडीवर पाण्याची सोय आहे असं धरून चालू नका.

खाणं घरचं. तूप-गुळाची पोळी गुंडाळून तिचे चार तुकडे, शेंगदाण्याचे लाडू, खजूर. केळी पिशवीत चिरडतात, ती सुरुवातीलाच खाऊन टाका. भूक लागायची वाट बघू नका. मी दर पाऊण तासाला घड्याळ बघून काहीतरी तोंडात टाकते, इच्छा असो वा नसो. माझी भाची गेल्या वर्षी पहिल्यांदा बरोबर आली, तेव्हा तिला हे पटत नव्हतं. ‘मावशी, आत्ताच तर पोहे खाल्ले’ म्हणाली. साडेअकरा वाजता वेताळ टेकडीवर ती गप्प झाली आणि साध्या दगडावरून तिचं चाक घसरायला लागलं. माणूस चढावर गप्प होणं ही भुकेची पहिली खूण असते, पाय थकल्याची नंतरची. दोन लाडू आणि दहा मिनिटं सावली, मग ती पुन्हा बोलायला लागली.

पहिली टेकडी

बाणेर-पाषाणच्या टेकडीवर मी सुतारवाडीच्या बाजूने चढते. बावधनहून तिथपर्यंत रस्ता आहे, तेवढ्यात पाय गरम होतात. पहिला चढ सुरू झाला की मी एकोणतीसचा पाढा मोठ्याने म्हणते. ‘एकोणतीस सत्ते दोनशे तीन’ एका श्वासात नीट म्हणता आलं तर वेग बरोबर आहे. मधेच तुटलं तर गिअर हलका करायचा. हृदयाचे ठोके मोजणारा पट्टा माझ्याकडे आहे, पण पाढ्यावर मी जास्त विश्वास ठेवते.

सुट्या मुरमाचा चढ उभं राहून मारता येत नाही. उभं राहिलात की मागच्या चाकावरचा भार कमी होतो आणि ते जागेवर फिरतं. सीटच्या टोकाकडे सरका, कोपरं खाली आणि आत, छाती हँडलकडे. पेडलला झटके देऊ नका, पीठ मळताना जसा जोर सारखा ठेवतो तसा ठेवा. नजर पुढच्या चाकावर नको, चार-पाच मीटर वर. चाक घसरलं आणि पाय टेकले तर दोष मानू नका, सायकल ढकलत वर न्या. या फेरीत मी तीन जागा ठरवून ढकलते. त्या मला चढता येतात, पण प्रत्येकी जितका दम जातो तितका तिसऱ्या टेकडीवर लागतो.

धारेवर आल्यावर वाटा फुटतात. जी पायवाट आधीच ठळक आहे तीच धरा. वळण टाळायला सरळ उतारावर नवी रेघ मारू नका. उतारावर आडवे खणलेले चर दिसतील, पाणी अडवून जिरवायला काढलेले. त्यांच्या बांधावरून उड्या मारणारी मुलं मी पाहिली आहेत. मी थांबून त्यांच्याशी बोलते. बांध एका जागी खचला की पुढच्या पावसात सगळं पाणी तिथूनच वाहतं आणि चर वाया जातो.

उतरताना घाई नको. पुढच्या टेकडीआधी पाषाणला थांबून गरम पोहे किंवा उपमा, चहा, बाटल्या भरून घेणं, स्वच्छतागृह. बायकांसाठी हा थांबा आखणीचा भाग आहे, पुढचे तीन-साडेतीन तास दुसरी सोय नाही. वाटेत पाषाण तलावाच्या बाजूला दोन मिनिटं थांबले तरी हिवाळ्यात पाणपक्षी दिसतात. तलाव राम नदीवरचा आहे. हीच नदी आमच्या बावधनमधून येते आणि पुढे औंधला मुळेला मिळते.

वेताळ टेकडी

पाषाणच्या पंचवटी वसाहतीच्या बाजूने चढा. चढ टप्प्याटप्प्याने आहे, मधे श्वास घ्यायला सपाटी मिळते. फाटकापाशी वनखात्याची पाटी असते. वेळा आणि सूचना बदलत असतात, त्या प्रत्येक वेळी वाचा आणि पाळा.

वर पोहोचलात की तुम्हाला दोन-अडीच तास हवे तसे फिरता येतं. वेताळाच्या देवळापासून लॉ कॉलेजच्या टोकाकडे जाणारी धार माझी सगळ्यात आवडती. दोन्हीकडे शहर पसरलेलं, मधे तुम्ही आणि गवत. सालई, गणेर आणि मोई इथली मूळची झाडं, गिरीपुष्पाची लागवड नंतरची. फेब्रुवारीत गणेर पानं टाकून पिवळाधमक फुलतो, तेव्हा मी मुद्दाम तो फाटा घेते. मोराचा आवाज आला तर सायकल थांबवा, बरेचदा तो वाटेवरच असतो. जुन्या दगडखाणीत पाणी साठतं, तिच्या कडेपासून लांब राहा. कडा सुटी आहे, चाकाखालची खडी सरकली तर सावरायला जागा नाही.

२०२३ च्या एप्रिलमध्ये या टेकडीवरच्या रस्त्याच्या आणि बोगद्यांच्या प्रस्तावांविरुद्ध हजारो पुणेकर मोर्चाला आले होते, मीही होते. तिथे माझ्या शेजारून चालणाऱ्या एका आजोबांनी मला ओळखलं. ‘तुम्ही सायकलवाल्या ना? घंटी वाजवता म्हणून लक्षात आहात,’ असं म्हणाले. ही टेकडी आपण त्यांच्यासोबत वापरतो. समोरून माणूस आला की वेग चालण्याइतका करायचा, मागून जायचं असेल तर वीस मीटर अलीकडून घंटी आणि मग ‘काका, उजवीकडून येतेय’ असं स्पष्ट सांगायचं. अरुंद वाटेवर आपण उतरून बाजूला उभं राहायचं. कुत्रं मोकळं असेल तर सायकल त्याच्या आणि आपल्या मधे धरायची. स्पीकरवर गाणी लावू नका.

दुपारी बाराच्या पुढे टेकडी रिकामी होते. एकट्याने, विशेषतः बायकांनी, तेव्हा फिरू नये असं माझं स्पष्ट मत आहे. दोघी-तिघी जा, घरी फोनवरून ठिकाण दिसत राहील असं ठेवा.

खाली येताना मी पायवाट घेत नाही. एआरएआय या वाहन संशोधन संस्थेचा डांबरी रस्ता पौड रस्त्याकडे उतरतो, तो घेते. माझ्याबरोबरचे लोक दर वेळी कुरकुरतात, कारण मातीचा उतार मजेचा आहे. पण सुट्या दगडांच्या उतारावर बोटं, तळवे आणि दंड सतत आवळलेले असतात, डांबरावर त्यांना दहा मिनिटं सुटी मिळते. त्या एका निर्णयाने माझी तिसरी टेकडी बदलली.

कोथरूड, आणि तासभर काहीच नाही

कोथरूडमध्ये सावलीत तासभर बसा. बूट-मोजे काढा, कुसळं वेचा, पाय वर करून टेका. जेवण हलकं, दहीभात किंवा इडली. मिसळ खाऊ नका, चढावर ती आठवण करून देते. मग बसल्या जागी तीन गोष्टी तपासा: ब्रेकचं लिव्हर हँडलपर्यंत येत नाही ना, चाकाचे एक्सल घट्ट आहेत ना, चेन कोरडी झाली असेल तर तेलाचे थेंब टाकून पुसून घ्यायची. आणि मूठ वळून दहापर्यंत घट्ट धरा. बोटं थरथरली तर फेरी इथेच थांबवा आणि रस्त्याने घरी जा. दोन वर्षांपूर्वी मी तसं केलं आणि त्याचं मला वाईट वाटलं नाही.

तिसरी टेकडी

महात्मा टेकडीचा चढ छोटा आहे, पण उन्हं पश्चिमेकडून तिरपी येतात आणि डोळ्यांत जातात. चढ सगळ्यात हलक्या गिअरमध्ये, पाढा म्हणत. माथ्यावर पाच मिनिटं थांबा, पॅड घाला, सीट दोन-तीन इंच खाली करा.

उतारावर दोन्ही पेडल समांतर ठेवायचे, टाचा खाली, कंबर सीटच्या मागे आणि गुडघे मोकळे. ब्रेकवर दोन्ही हातांचं एकेकच बोट, उरलेली मुठीला. ब्रेक वळणाच्या आधी सरळ वाटेवर दाबायचा, वळणात सोडायचा. मी नेमकं उलटं केलं होतं. वळणात शिरल्यावर वेग जास्त वाटला, थकलेल्या हाताने पुढचा ब्रेक एकदम आवळला, आणि मुरमावर पुढचं चाक बाजूला निघून गेलं. दगड टाळायचा असेल तर दगडाकडे बघू नका, त्याच्या शेजारच्या मोकळ्या जागेकडे बघा. चाक नजरेमागे जातं.

त्या वळणावर मी आता उतरते आणि सायकल हातात धरून बारा पावलं चालते. पुढे वाट रुंद होते, तिथून पुन्हा बसते.

घरी येताना चांदणी चौक लागतो. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये तिथला जुना पूल पाडला आणि २०२३ च्या ऑगस्टमध्ये नवा चौक खुला झाला. आता तिथे रस्ते अनेक पातळ्यांवर फाटतात आणि दिवसभराने थकलेल्या डोक्याला चुकीचा फाटा सहज लागतो. महामार्गाच्या मुख्य लेनवर जाऊ नका, सेवा रस्ता धरा, गरज पडली तर उतरून चाला. मागचा लाल दिवा इथे लावा, उजेड असला तरी.

घरी पोहोचलात की अंघोळीआधी पाच मिनिटं सायकलला द्या. जुनं फडकं घेऊन दोन्ही टायरवरून हळू फिरवा, जिथे ते अडकेल तिथे काटा आहे. ट्यूब असेल तर तो चिमट्याने लगेच काढा. ट्यूबलेस असेल तर काढल्यावर ती जागा खाली करून चाक फिरवा, म्हणजे सीलंट तिथे येऊन बसेल. शंका असेल तर काट्याच्या जागी खडूने खूण करा आणि सकाळी हवा बघा.